डेबियन पॅकेजच्या इन्स्टॉल आणि रिमूव्ह स्क्रिप्ट दुरुस्त करताना

पॅकेज इन्स्टॉल होत नाही ही तक्रार त्यातल्या त्यात बरी. पॅकेज निघतच नाही, ही खरी डोकेदुखी. रिमूव्ह म्हटलं की एरर, अपग्रेड म्हटलं की तीच एरर, आणि भलतंच काही इन्स्टॉल करायला गेलं तरी शेवटी या अडकलेल्या पॅकेजचं रडगाणं ऐकावं लागतं. दोष बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमध्ये नसतो. पॅकेजसोबत आलेल्या दहा-वीस ओळींच्या शेल स्क्रिप्टमध्ये असतो.

हा लेख डेबियन आणि त्यावर बेतलेल्या उबुंटू, लिनक्स मिंट, सी-डॅकच्या बॉस लिनक्ससारख्या वितरणांसाठी आहे. तुम्हाला टर्मिनल सवयीचं आहे, थोडंफार शेल येतं आणि एखादं डेब पॅकेज बांधून झालंय, असं धरून चालतो. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप अर्थातच रोमनमध्ये करायची.

उदाहरणाला एक काल्पनिक पॅकेज घेऊ: पंचांगडी. मागे चालणारी एक छोटी सर्व्हिस, तिचा स्वतःचा सिस्टिम युजर आणि /ईटीसी मध्ये एक कॉन्फिग फाइल, एवढाच संसार. १.४-१ ही आवृत्ती बिघडलेली आहे आणि आपण १.४-२ बनवतोय.

आधी क्रम समजून घ्या

स्क्रिप्ट चार: प्रीइन्स्ट, पोस्टइन्स्ट, प्रीआरएम आणि पोस्टआरएम. पहिली फाइली डिस्कवर उतरण्याआधी चालते, दुसरी उतरल्यावर, तिसरी फाइली काढण्याआधी, चौथी काढल्यावर. एवढं नावावरूनच कळतं. गोंधळ सुरू होतो तो अपग्रेडमध्ये, कारण तेव्हा जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पॅकेजांच्या स्क्रिप्ट आळीपाळीने चालतात:

१. जुन्या पॅकेजची प्रीआरएम, "अपग्रेड" या आर्ग्युमेंटसह
२. नव्या पॅकेजची प्रीइन्स्ट, तीही "अपग्रेड"सह
३. नव्या फाइली उतरतात
४. जुन्या पॅकेजची पोस्टआरएम, पुन्हा "अपग्रेड"सह
५. नव्या पॅकेजची पोस्टइन्स्ट, "कन्फिगर"सह

पहिली आणि चौथी ओळ नीट पाहा. तुम्ही नवं पॅकेज कितीही चोख बांधा, अपग्रेडची सुरुवात लोकांच्या मशीनवर आधीच बसलेल्या जुन्या स्क्रिप्टने होते. ती /व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो या डिरेक्टरीत पडलेली असते आणि तुमचा हात तिथवर पोचत नाही. म्हणून इथे दुरुस्ती म्हणजे निव्वळ चुकीची ओळ बदलणं नव्हे. बिघडलेली जुनी स्क्रिप्ट चालून अपयशी ठरल्यावरही अपग्रेड पार पडलं पाहिजे. याकडे पुढे सविस्तर येऊ.

पायरी १: एरर शब्दशः वाचा

डीपीकेजी म्हणजे प्रत्यक्ष पॅकेज बसवणारा आणि काढणारा प्रोग्राम. त्याची एरर रुक्ष असते, पण बिनकामाची नसते. साधारण अशी:

इन्स्टॉल्ड पंचांगडी पॅकेज प्री-रिमूव्हल स्क्रिप्ट सबप्रोसेस रिटर्न्ड एरर एक्झिट स्टेटस १

यात दोन गोष्टी सापडतात. कोणती स्क्रिप्ट पडली: प्री-रिमूव्हल, म्हणजे प्रीआरएम. आणि ती कुठल्या पॅकेजची: सुरुवातीला "इन्स्टॉल्ड" किंवा "ओल्ड" असेल तर आधीपासून बसलेली, "न्यू" असेल तर आत्ता आणलेली. हा पहिला शब्द बरेच जण वाचतच नाहीत आणि मग नव्या पॅकेजच्या स्क्रिप्टमध्ये तासभर चूक शोधत बसतात.

त्यानंतर अवस्था बघा. "डीपीकेजी -एल पंचांगडी" (एल लहान लिपीतला) दिलं की ओळीच्या सुरुवातीला दोन अक्षरं दिसतात. पहिलं अक्षर तुम्हाला काय हवंय ते, दुसरं सध्या काय आहे ते. "आयआय" म्हणजे सगळं ठीक. "आयएफ" म्हणजे पोस्टइन्स्ट मध्येच पडली, पॅकेज अर्धवट कन्फिगर झालंय. "आययू" म्हणजे फाइली उतरल्या, पण कन्फिगरला सुरुवातच झाली नाही. "आरसी" म्हणजे पॅकेज काढलं, पण त्याच्या कॉन्फिग फाइली मागे राहिल्या. हे "आरसी" लक्षात ठेवा, त्यातून एक मजेदार बग निघतो.

पायरी २: अडकलेलं मशीन मोकळं करा, पण सांभाळून

स्क्रिप्ट कुठल्या ओळीवर मरते ते आधी बघू. इन्फो डिरेक्टरीतली "पंचांगडी.प्रीआरएम" उघडा आणि "सेट -ई" (एखादी आज्ञा फसली की स्क्रिप्ट तिथेच थांबवणारी ओळ) या ओळीखाली तात्पुरतं "सेट -एक्स" घाला. आता रिमूव्ह पुन्हा चालवलं की प्रत्येक ओळ चालण्याआधी पडद्यावर उमटेल. डीपीकेजी कोणती स्क्रिप्ट कोणत्या आर्ग्युमेंटने बोलावतोय हेही हवं असेल तर "डीपीकेजी -डी२" (डी कॅपिटल) वापरा. त्यातला २ हा आकडा स्क्रिप्टांच्या माहितीसाठीच आहे.

आपल्या पंचांगडीच्या प्रीआरएममध्ये शेवटची उमटलेली ओळ अशी निघाली:

सिस्टिमसीटीएल स्टॉप पंचांगडी

लेखकाच्या लॅपटॉपवर ही ओळ बिनतक्रार चालते. बहुतेक कंटेनरमध्ये मात्र सिस्टिमडी (सर्व्हिस सांभाळणारी यंत्रणा) चालूच नसतं, त्यामुळे सिस्टिमसीटीएल १ परत करतं, "सेट -ई"मुळे स्क्रिप्ट तिथेच थांबते आणि डीपीकेजी रिमूव्ह सोडून देतो. गंमत म्हणजे जी सर्व्हिस चालू नाही ती बंद करता येत नाही, म्हणून पॅकेज काढता येत नाही.

अशा वेळी स्क्रिप्टच्या डोक्यावर "एक्झिट ०" ठोकून मोकळं व्हा, असा सल्ला सर्रास मिळतो. काम होतं, हे खरं. पण मग स्क्रिप्टमधलं बाकीचं आवश्यक कामही होत नाही: सर्व्हिस खरोखर चालू असेल तर ती चालूच राहते आणि तिच्या फाइली खालून काढल्या जातात. त्यापेक्षा मूळ फाइलची प्रत काढून ठेवा आणि पडणारी एकच ओळ बदला. पोस्टइन्स्ट पडली असेल तर ओळ सुधारून "डीपीकेजी --कन्फिगर -ए" चालवा. हे सगळं प्रथमोपचार आहे. पुढच्या आवृत्तीसोबत ही फाइल बदलणारच.

पायरी ३: सोर्समध्ये दुरुस्ती

सोर्स पॅकेजच्या डेबियन डिरेक्टरीत "पंचांगडी.पोस्टइन्स्ट", "पंचांगडी.प्रीआरएम" अशा नावांच्या फाइली असतात. सोर्स हाताशी नसेल तर "डीपीकेजी-डेब -ई" ही आज्ञा तयार डेब फाइलमधून स्क्रिप्ट बाहेर काढून देते.

पहिली तपासणी शेलची. या स्क्रिप्ट /बिन/एसएच ने चालतात आणि डेबियनमध्ये ६.० पासून, म्हणजे २०११ पासून, एसएच म्हणजे डॅश. उबुंटूने हा बदल ६.१० मध्येच, २००६ साली केला होता. डॅशला बॅशचे लाड चालत नाहीत. आता ही ओळ पाहा:

इफ [ "$१" == "कन्फिगर" ]; देन

बॅशमध्ये चालेल. डॅशला दुहेरी बरोबरचं चिन्ह कळत नाही. तो "अनएक्स्पेक्टेड ऑपरेटर" असं पुटपुटतो आणि कसोटी खोटी धरतो. ही कसोटी "इफ"च्या आत असल्यामुळे "सेट -ई" तिला अडवत नाही. परिणाम असा, की आतलं सगळं काम वगळलं जातं, स्क्रिप्ट ० परत करते आणि पॅकेज ऐटीत "आयआय" दाखवतं. युजर तयार झालेला नसतो, पण कुणी तक्रार केलेली नसते. स्क्रिप्ट आपटून पडली तर निदान कळतं. ही न पडता बिघडते. बरोबरचं एकच चिन्ह ठेवा, आणि डेव्हस्क्रिप्ट्स पॅकेजमधलं "चेकबॅशिझम्स" प्रत्येक स्क्रिप्टवर चालवा.

"सेट -ई" वेगळ्या ओळीवर लिहा. वरच्या शेबँग ओळीत "-ई" जोडलेलं असेल आणि कुणी तपासण्यासाठी "एसएच -एक्स" ने स्क्रिप्ट चालवली, तर ते "-ई" लागूच होत नाही आणि तपासणीत दिसलेलं वर्तन खऱ्याहून वेगळं निघतं.

"सेट -ई"चा दुसरा फटका ग्रेपला बसतो. ग्रेपला काही सापडलं नाही की तो १ परत करतो, आणि एकटा उभा असेल तर स्क्रिप्ट मरते. त्याला "इफ"मध्ये घ्या. जिथे तिथे "|| ट्रू" जोडत सुटू नका. ती सोय फक्त अशा ओळीसाठी, जिच्या अपयशाने खरोखर काहीच अडत नाही. पुढच्या माणसाला कारण कळावं म्हणून शेजारी एक कॉमेंटही लिहा.

यानंतर आर्ग्युमेंट. पोस्टइन्स्टला "कन्फिगर" येतं, तसंच "अबॉर्ट-अपग्रेड", "अबॉर्ट-रिमूव्ह", "अबॉर्ट-डीकन्फिगर" आणि "ट्रिगर्ड"ही येतं. "अबॉर्ट" वाली नावं म्हणजे दुसरं काही फसल्यावर डीपीकेजी मागे फिरतोय. "केस" बांधा, प्रत्येक नाव त्यात घ्या, काम नसेल तर रिकामं सोडा.

आणि हॅश-डेबहेल्पर-हॅश ही खूण. नवख्या माणसाला ती कॉमेंट वाटते, म्हणून साफसफाईत उडवली जाते. पॅकेज बांधताना डेबहेल्पर, म्हणजे पॅकेज बांधणीचा मदतनीस साधनसंच, नेमक्या याच जागी सर्व्हिस चालू-बंद करण्याच्या आणि इतर तयार ओळी भरतो. ती उडवली तर त्या ओळी येत नाहीत. ती राखली, पण तिच्या वर "एक्झिट ०" लिहिलं, तर ओळी येतात आणि कधीच चालत नाहीत. दुसरा प्रकार शोधायला जास्त वेळ लागतो, कारण फाइल उघडून पाहिली तर सगळं जागच्या जागी दिसतं.

आपल्या प्रीआरएमची दुरुस्ती याच खुणेत आहे. सिस्टिमसीटीएलची हाताने लिहिलेली ओळ काढून टाका. डेबहेल्परची तयार ओळ आधी /रन/सिस्टिमडी/सिस्टिम ही डिरेक्टरी आहे का ते बघते, असेल तरच सर्व्हिस बंद करते. सर्व्हिस, मेन्यू, आयकॉन यांच्यासाठी स्वतःची स्क्रिप्ट लिहिण्याची गरज आता क्वचितच पडते. माझ्या मते सर्वांत चांगली पोस्टइन्स्ट तीच, जी लिहावीच लागली नाही.

पायरी ४: दुसऱ्यांदा चालली तर?

स्क्रिप्ट मध्येच पडू शकते, वीज जाऊ शकते, डीपीकेजी तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवू शकतो. डेबियनच्या धोरणात हे स्पष्ट आहे: तीच स्क्रिप्ट पुन्हा चालली तरी एरर येता कामा नये आणि परिणाम तोच राहिला पाहिजे. म्हणून "एमकेडीर"ला "-पी" हवं, "एलएन -एस"ला "-एफ" हवं. कॉन्फिग फाइलच्या शेवटी ओळ जोडणारी स्क्रिप्ट तर प्रत्येक वेळी नवी ओळ जोडत जाते.

युजर बनवण्याचं काम "अ‍ॅडयुजर --सिस्टिम"वर सोडा. तोच सिस्टिम युजर आधीपासून असेल तर तो गुपचूप पुढे जातो. आणि इथेच तो "आरसी"चा बग. पोस्टइन्स्टमध्ये $२ म्हणजे याआधी शेवटची कन्फिगर झालेली आवृत्ती. ती रिकामी असेल तर पहिल्यांदाच इन्स्टॉल होतंय, असं धरून काही जण युजर तेव्हाच बनवतात. आता कुणी पॅकेज काढलं, पोस्टआरएमने रिमूव्हच्या वेळी युजर उडवला आणि महिन्याने पॅकेज पुन्हा बसवलं. पर्ज, म्हणजे कॉन्फिग फाइलींसकट काढणं, झालेलं नसल्यामुळे जुनी आवृत्ती डीपीकेजीच्या स्मरणात आहे, $२ भरलेला आहे, युजर काही बनत नाही आणि सर्व्हिस उठत नाही. युजरच्या ओळीला $२ ची अट लावूच नका.

एखादं काम ठरावीक आवृत्तीवरून आलेल्यांसाठीच करायचं असेल तर "डीपीकेजी --कंपेअर-व्हर्जन्स" वापरा, आणि "एलटी"ऐवजी "एलटी-एनएल" घ्या. त्यात रिकामी आवृत्ती सर्वांत नवी धरली जाते, त्यामुळे ताज्या इन्स्टॉलवर ते काम होत नाही.

पायरी ५: रिमूव्ह वेगळं, पर्ज वेगळं

रिमूव्हला कॉन्फिग फाइली राहतात, पर्जला त्याही जातात. पोस्टआरएम दोन्ही वेळी बोलावली जाते, एकदा "रिमूव्ह" आणि एकदा "पर्ज" म्हणत. लॉग आणि स्क्रिप्टने स्वतः निर्माण केलेल्या फाइली पर्जमध्येच काढा.

पर्जच्या वेळी तुमच्या डिपेंडन्सी मशीनवर असतीलच असं नाही. त्या तुमच्या आधीच काढलेल्या असू शकतात. तेव्हा पोस्टआरएममध्ये अत्यावश्यक पॅकेजांपलीकडची कोणतीही आज्ञा "कमांड -व्ही"ने आधी तपासून घ्या. डेबकॉन्फ (इन्स्टॉलच्या वेळी युजरला प्रश्न विचारणारी व्यवस्था) वापरण्यासाठी त्याची कॉन्फमॉड्यूल ही शेल फाइल सोर्स करताना तर ती फाइल आहे का हे बघितल्याशिवाय पुढे जाऊच नका. पर्ज अडकण्याचं ते जुनंच कारण आहे.

पर्जमध्ये सिस्टिम युजरही काढायचा का, यावर मतं वेगळी आहेत. मी काढत नाही. त्या युजरच्या मालकीची एखादी फाइल कुठेतरी राहिली आणि तोच युआयडी (युजरचा क्रमांक) उद्या दुसऱ्या सर्व्हिसला मिळाला, तर ती फाइल आपोआप तिच्या मालकीची होते. एक रिकामा युजर मागे राहिला तर काही बिघडत नाही.

डेबकॉन्फचं आणखी एक दुखणं: इन्स्टॉल शेवटी नुसतंच लटकून राहतं, एरर नाही की काही नाही. कॉन्फमॉड्यूल सोर्स केल्यावर स्क्रिप्टचं आउटपुट डेबकॉन्फकडे वळतं. पोस्टइन्स्टने सुरू केलेली सर्व्हिस ते दार उघडंच धरून बसली की डेबकॉन्फ वाट पाहत राहतो. सर्व्हिस सुरू करण्याआधी "डीबी_स्टॉप" लिहा.

पायरी ६: जुन्या बिघडलेल्या स्क्रिप्टमधून वाट

१.४-२ तयार झाली. कंटेनरमध्ये अपग्रेड सुरू केलं की १.४-१ ची प्रीआरएम "अपग्रेड" आर्ग्युमेंटने चालणार आणि त्याच सिस्टिमसीटीएलवर आपटणार. डीपीकेजीला हे अपेक्षित आहे. तो "ट्राइंग स्क्रिप्ट फ्रॉम द न्यू पॅकेज इन्स्टेड" असं सांगून नव्या पॅकेजची प्रीआरएम बोलावतो, यावेळी "फेल्ड-अपग्रेड" हे आर्ग्युमेंट आणि $२ मध्ये जुनी आवृत्ती देऊन. तिने ० परत केला की "इट लुक्स लाइक दॅट वेंट ओके" म्हणत गाडी पुढे जाते.

तुमच्या नव्या प्रीआरएममध्ये "फेल्ड-अपग्रेड"ची शाखाच नसेल आणि अनोळखी आर्ग्युमेंटला १ परत करायची सवय असेल, तर ही एकमेव वाटही बंद. म्हणून "केस"मध्ये ही शाखा घ्या आणि तिथे दोन गोष्टी करा. $२ ही १.४-२ हून जुनी आहे का ते तपासा. असेल तर ०, नसेल तर १. सरसकट ० देऊ नका, नाहीतर उद्याचा वेगळाच बग याच दारातून लपून जाईल. आणि जुन्या स्क्रिप्टचं जे काम राहून गेलं, म्हणजे इथे सर्व्हिस बंद करणं, ते जमत असेल तर करा. लक्षात असू द्या, या क्षणी नव्या पॅकेजच्या फाइली अजून उतरलेल्या नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर विसंबता येत नाही.

जुनी पोस्टआरएम अपग्रेडमध्ये पडत असेल तर तिच्यासाठीही हीच सोय आहे: नव्या पोस्टआरएमला "फेल्ड-अपग्रेड" येतं.

थेट रिमूव्हसाठी मात्र अशी सोय नाही. तिथे नवं पॅकेज चित्रातच नसतं. ज्यांना जुन्या स्क्रिप्टला हात न लावता पंचांगडी काढून टाकायचंय त्यांना आधी १.४-२ वर यावं लागतं आणि मग काढावं लागतं. कितीही उलटं वाटलं तरी रस्ता तोच.

कॉन्फिग फाइल हलवायची किंवा कायमची काढायची असेल तर स्क्रिप्टमध्ये "आरएम" किंवा "एमव्ही" लिहू नका. युजरने तीत बदल केले असतील तर ते जातील. डेबियन डिरेक्टरीत "पंचांगडी.मेन्टस्क्रिप्ट" फाइल करून त्यात "आरएम_कॉन्फफाइल" किंवा "एमव्ही_कॉन्फफाइल"ची एक ओळ, मागे फाइलचा पत्ता आणि आवृत्ती १.४-२~ अशी लाटचिन्हासह द्या; बाकीचं डेबहेल्पर बघतो.

पायरी ७: तपासणी

फक्त नव्याने इन्स्टॉल करून समाधान मानणाऱ्यांमुळेच हे सगळे बग बाहेर पडतात. एका कंटेनरमध्ये किंवा डीबूटस्ट्रॅपने बनवलेल्या क्रूटमध्ये (एका डिरेक्टरीत उभ्या केलेल्या सुट्या सिस्टिममध्ये), कामाच्या मशीनवर नाही, इतकं तरी करा: ताजं इन्स्टॉल आणि पर्ज, रिमूव्ह करून पुन्हा इन्स्टॉल, बिघडलेल्या १.४-१ वरून १.४-२ वर अपग्रेड. आणि पोस्टइन्स्ट लागोपाठ दोनदा "कन्फिगर"ने. हाताने चालवायला हरकत नाही, फक्त स्क्रिप्ट रूटने चालवताय हे विसरू नका.

लिंटियन हा पॅकेज तपासणारा प्रोग्राम नेहमीच्या चुका पकडतो: "सेट -ई" नसणं, स्क्रिप्टमध्ये "चोन -आर" (डिरेक्टरीतल्या सगळ्या फाइलींची मालकी बदलणारी आज्ञा) वापरणं. हे दुसरं गंभीर घ्या, कारण सर्व्हिसचा युजर स्वतःच्या डिरेक्टरीत भलत्या फाइलचा हार्डलिंक ठेवून तिची मालकी मिळवू शकतो. पियुपार्ट्स त्यापुढे जातो. तो स्वच्छ क्रूट उभा करून पॅकेज बसवतो, काढतो, पर्ज करतो आणि मागे काय उरलं ते दाखवतो. पहिल्यांदा चालवल्यावर /व्हार मधली एखादी विसरलेली फाइल हमखास निघते.

फेडोराकडून आलेल्यांसाठी जाता जाता: तिथल्या आरपीएम पॅकेजमध्ये $१ हा शब्द नसून आकडा असतो. काढण्याआधीच्या स्क्रिप्टलेटला ० आलं तर खरंच काढलं जातंय, १ आलं तर अपग्रेड. शिवाय तिथे नव्याची पोस्ट आधी चालते आणि जुन्याची प्रीअन (काढण्याआधीची) नंतर, म्हणून डेबियनची स्क्रिप्ट जशीच्या तशी तिकडे नेऊ नका.

सगळं हिरवं झालं की चेंजलॉगमध्ये काय पडत होतं आणि कुठे पडत होतं ते एका ओळीत लिहा, "क्लोजेस"पुढे बग क्रमांक द्या. बगच्या उत्तरातही "आधी १.४-२ वर या, मग रिमूव्ह करा" हे स्वच्छ लिहा, ज्यांचं पॅकेज आत्ता अडकलेलं आहे ते चेंजलॉग वाचत नाहीत.